मदत हवी आहे: पाठ केलेली सहानुभूती मोडून विद्यार्थ्यांना ऐकायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी संवादकौशल्य शिकवते. सरावात प्रशिक्षित व्यक्ती पेशंटची भूमिका करतात. कॅथेटर (लघवीची नळी) घालायला मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, पुरतो, पण घाबरलेल्या माणसाशी बोलणं त्याच्यावर शिकता येत नाही.

अडचण सांगते. एका प्रसंगात पेशंटचा पाय उद्या गुडघ्याखाली कापायचा आहे. विद्यार्थिनी बीपी घ्यायला जाते. तो म्हणतो, "सिस्टर, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे हो." उत्तर ठरलेलं: "मी तुमची अवस्था समजू शकते, काळजी करू नका." तोवर बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळूनही होतो. चेकलिस्टमध्ये 'सहानुभूती व्यक्त केली' यापुढे बरोबरची खूण पडते, आणि जिन्याचं कुणीच विचारत नाही! माझ्या मते दोष मुलींचा नाही. आपण वाक्याला गुण देतो, म्हणून त्या वाक्य पाठ करतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पेशंट झालेली व्यक्ती भूमिकेतून बाहेर येऊन बोलते तेव्हा. "तू घड्याळाकडे बघितलंस आणि मला पुढचं बोलावंसंच वाटेना," हे ऐकल्यावर मुली खरंच विचारात पडतात. माझ्या दहा सूचनांनी ते होत नाही. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास पेशंटची भूमिका करवून घेण्याची ही पद्धत सुरू केली तीच मुळी न्यूरॉलॉजीच्या विद्यार्थ्यांचं मूल्यमापन करायला. म्हणून पेशंटच्या मतालाही गुण असावेत असं मला मनापासून वाटतं.

पण एक जण हळवा, दुसरा कडक. कुणी पहिल्याच प्रश्नाला रडतं, कुणी शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. मग गुण सारखे कसे राहणार? तुम्ही पेशंटला कोणत्या शब्दानंतर किती मोकळं व्हायचं हे आधी ठरवून देता का? चेकलिस्टऐवजी एकूण छाप बघून श्रेणी दिलेली कुणाला जमली आहे का? डीब्रीफिंगनंतर (प्रसंग संपल्यावरच्या चर्चेनंतर) लगेच तोच प्रसंग पुन्हा करून घेता का, की वेगळा देता?

आणखी एक, माझ्यासाठी महत्त्वाचं. एखाद्या विद्यार्थिनीच्या घरी नुकतंच असं काही घडलेलं असतं. विषय आधी सांगितला तर तिला बाजूला होता येतं, पण मग बाकीच्या उत्तरं तयार करून येतात. हे कसं सांभाळता? प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी आणि पेशंटची भूमिका केलेल्यांनीही जरूर लिहा.