एक्सपी, विंडोज ११, मॅक आणि लिनक्स: एकाच सर्व्हरवरून फाइल व प्रिंटर कसे द्यावेत?

अंबड_टूलरूम यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे टूलरूम आहे. कार्यालयात विंडोज १० चे चार आणि विंडोज ११ प्रोचे दोन संगणक, डिझाइन करणाऱ्या सहकाऱ्याचा एक मॅक आणि माझा उबुंटू लिनक्सवर चालणारा लॅपटॉप आहे. शॉपफ्लोअरवर एका जुन्या व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) जोडलेला संगणक आहे, तो विंडोज एक्सपीवरच अडकला आहे, कारण मशीनचे सॉफ्टवेअर त्यापुढच्या कोणत्याही आवृत्तीवर चालत नाही.

या सर्वांसाठी उबुंटू १६.०४ वर सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइल व प्रिंटर देणारा प्रोग्रॅम) बसवलेला एक सर्व्हर होता आणि त्यावरचे फोल्डर कोणालाही पासवर्ड न विचारता उघडत असत. मागच्या महिन्यात डिस्क बदलण्याचे निमित्त झाले, तेव्हा मी उबुंटू २४.०४ टाकले आणि सांबाची जुनी कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली. तेव्हापासून एक्सपीला सर्व्हर सापडत नाही. २४एच२ आवृत्तीचा नवा विंडोज ११ संगणक ‘सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही’ अशा अर्थाचा संदेश देतो. जुने विंडोज १० संगणक पत्ता टाइप केल्यास जोडले जातात, पण ‘नेटवर्क’च्या खिडकीत सर्व्हर दिसत नाही. मोठ्या मल्टिफंक्शन मशीनवरून फोल्डरमध्ये होणारे स्कॅनही बंद पडले आहे. सर्व्हरला यूएसबीने जोडलेला ए३ लेझर प्रिंटर विंडोजवर जोडायला गेलो, तर प्रत्येक वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो.

एका परिचितांनी ‘एसएमबी १ (फाइल वाटण्याच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) पुन्हा चालू करा, सगळे सुटेल’ असे सुचवले आहे. तसे करावे का?

सातपूरकर यांचे उत्तर

एसएमबी १ चालू केल्याने एक्सपी आणि कदाचित स्कॅनर सुटेल, परंतु विंडोज ११ सुटणार नाही, कारण तिथले दुखणे निराळे आहे. आपण सांबा ४.३ वरून एकदम ४.१९ वर आला आहात. या उडीत दोन बदल ओलांडले गेले. ४.५ पासून विंडोजची पासवर्ड पडताळण्याची जुनी एनटीएलएम पहिल्या आवृत्तीची ओळखपद्धत मुळातच नाकारली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये आलेल्या ४.११ पासून एसएमबी १ मुळातच बंद ठेवले गेले. एक्सपीला एसएमबी १ शिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि तो ओळखही जुन्याच पद्धतीने पटवू पाहतो. म्हणजे त्याच्यापुढे दोन्ही दारे बंद आहेत.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत प्रत्येक एसएमबी संवादावर सही असणे सक्तीचे झाले आहे. सही पासवर्डातून निघालेल्या किल्लीने होते आणि पाहुण्याला पासवर्डच नसल्यामुळे त्याच्या संवादावर सही होऊच शकत नाही. रजिस्ट्रीत फेरफार करून ही अट सैल करता येते, पण प्रत्येक नव्या संगणकावर तीच कसरत करत बसण्यापेक्षा सर्व्हरवर प्रत्येक व्यक्तीचे खाते उघडणे केव्हाही सोपे. आधी लिनक्सचे खाते, मग ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ला ‘-ए’ जोडून सांबाचा पासवर्ड, असा क्रम ठेवा. ‘मॅप टू गेस्ट’ आणि ‘गेस्ट ओके’ या दोन्ही ओळी काढून टाका. कार्यालयाचा एक गट करून ‘व्हॅलिड युजर्स’मध्ये तो द्यावा, फोल्डरला २७७० आणि फाइलला ०६६० परवानगी ठेवावी, म्हणजे एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते आणि बदलता येत नाही, ही नेहमीची तक्रार उद्भवणार नाही. बदल केल्यावर कॉन्फिगरेशन तपासणारे ‘टेस्टपार्म’ चालवून पाहण्याची सवय ठेवा. चुकीच्या अक्षराने लिहिलेली ओळ सांबा मुकाट्याने सोडून देतो आणि आपण दिवसभर भलतीकडेच शोधत राहतो.

येथे एक गोष्ट बहुतेकांना अडवते. विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी बोलत नाही. जुनी जोडणी मनात धरून बसलेला संगणक नवे नाव दिल्यावर १२१९ क्रमांकाची चूक दाखवतो. त्यासाठी ‘नेट यूज’ने जुन्या जोडण्या काढाव्यात, क्रेडेन्शियल मॅनेजरमधील जुनी नोंद पुसावी आणि मगच नव्याने लॉगिन करावे.

आता एक्सपी. एका मशीनसाठी संपूर्ण कार्यालयाचा सर्व्हर एसएमबी १ वर उतरवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजमधील याच प्रोटोकॉलच्या छिद्रातून, आणि एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेला आहे. सर्व्हरमध्ये दुसरे लॅन कार्ड टाका, त्याला वेगळी पत्तामालिका द्या आणि एक्सपीची केबल थेट त्यातच लावा. मुख्य सांबाला ‘इंटरफेसेस’ आणि ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ या ओळींनी कार्यालयाच्या कार्डापुरते बांधून ठेवा. दुसऱ्या कार्डावर कंटेनरमध्ये (सर्व्हरमधल्याच वेगळ्या कप्प्यात) वेगळा छोटा सांबा चालवा, ज्याचा किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’ (म्हणजेच एसएमबी १) असेल आणि ज्याला फक्त मंजूर झालेल्या प्रोग्रॅमचा फोल्डर, तोही केवळ वाचण्यापुरता, दिसेल. ऑपरेटरने मशीनवर सुधारलेला प्रोग्रॅम परत ठेवण्यासाठी एक स्वतंत्र ‘आवक’ फोल्डर द्यावा. दोन कार्डांमध्ये आयपी फॉरवर्डिंग (एका जाळ्यातून दुसऱ्यात माहिती जाऊ देणे) चालू नाही, याची खात्री करा. एक्सपीच्या रजिस्ट्रीत ‘एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल’ ३ केल्यास तो एनटीएलएमच्या दुसऱ्या आवृत्तीने ओळख देतो, त्यामुळे निदान ती सवलत सांबामध्ये द्यावी लागत नाही.

स्कॅनरला मात्र या बंदिस्त खोलीत बसवू नका. त्याच्या मेनूत एफटीपी किंवा ईमेलचा पर्याय बहुधा असतो. तो वापरा, आणि फर्मवेअरची नवी आवृत्ती आली असल्यास आधी तीच टाकून पाहा. ‘नेटवर्क’च्या खिडकीत सर्व्हर दिसणे हे जुन्या नेटबायोस या नाव शोधण्याच्या पद्धतीवर अवलंबून होते. आता त्यासाठी ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. मी स्वतः तो बसवत नाही, प्रत्येक संगणकावर ड्राइव्ह जोडून देतो. खिडकीत काय दिसते यावरून होणारे फोन त्यामुळे थांबले.

रांगेतला_कागद यांचे उत्तर

फाइलींविषयी वर सांगितलेच आहे, मी केवळ प्रिंटरविषयी लिहितो, कारण सांबामधून प्रिंटर देण्याचा हट्ट मी काही वर्षांपूर्वी सोडला. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेतील) ‘प्रिंटनाइटमेअर’ हा दोष गाजला आणि ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी अ‍ॅडमिनचा अधिकार आवश्यक झाला. आपल्याला वारंवार पासवर्ड विचारला जातो तो म्हणूनच, त्यात आपली चूक नाही.

यावर उपाय असा की सर्व्हरवर कप्स ही लिनक्सची छपाईची व्यवस्था चालू ठेवावी आणि सर्वांना आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून, छपाई करू द्यावी. मॅक आणि लिनक्सला सर्व्हरवर अवाही (नेटवर्कवर सेवा जाहीर करणारा प्रोग्रॅम) चालू असल्यास प्रिंटर आपोआप सापडतो. विंडोजमध्ये ‘प्रिंटर जोडा’ या ठिकाणी नावाने प्रिंटर निवडण्याचा पर्याय घेऊन सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि कप्समधील रांगेचे नाव लिहावे. विंडोजने ड्रायव्हर विचारल्यास साधा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर द्यावा, प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करण्याचे काम कप्स सर्व्हरवरच करते. प्रत्येक संगणकावर एकदा अ‍ॅडमिनने हे करून ठेवले की पुन्हा पाहावे लागत नाही.

दोन सावधगिऱ्या सांगतो. ‘कप्स-ब्राउज्ड’ ही नेटवर्कवरचे इतर प्रिंटर शोधणारी सेवा आपल्याला लागत नसेल तर बंद करा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यात गंभीर दोष उघड झाले होते आणि एकच प्रिंटर वाटणाऱ्या सर्व्हरला तिची गरजही नसते. दुसरी गोष्ट कागदाच्या मापाची. नव्याने बसवलेल्या लिनक्सवर मूळ माप ‘लेटर’ राहून गेलेले असू शकते, आणि मग ट्रेमध्ये ए४ भरलेला असताना प्रिंटर दिवा लुकलुकवत लेटर कागदाची वाट पाहत बसतो. एका कार्यालयात याच कारणासाठी रोलर बदलण्याचा खर्च झालेला मी पाहिला आहे.

पाठवणी विभागात लेबल प्रिंटर असेल तर तो या व्यवस्थेत आणू नका. त्याला त्याच्या भाषेतील आज्ञा जशाच्या तशा हव्या असतात, मध्ये कोणी रूपांतर केले की लेबलवर निरर्थक अक्षरे उमटतात. तो ज्या संगणकाला जोडला आहे तिथेच राहू द्या.

अंबड_टूलरूम

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खाती उघडली, एक्सपी वेगळ्या केबलवर नेला, स्कॅनर एफटीपीवर लावला आणि ए३ प्रिंटर सर्व संगणकांवर आयपीपीने जोडला. कागदाचे माप खरोखरच ‘लेटर’ निघाले.

आता एकच कोडे उरले आहे. मॅकवरचे जुने फोल्डर मी आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने सर्व्हरवर आणले. त्यातील ‘दुसऱ्या ऑपरेशनचे ड्रॉइंग’ अशा नावाची फाइल विंडोजवर दिसते, उघडते, परंतु तेच नाव टाइप करून शोधल्यास सापडत नाही. एका ठिकाणी तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसत आहेत. शिवाय हिशेबाच्या मावशींनी दिलेली काही लांबलचक मराठी नावे सर्व्हरवर कॉपीच होत नाहीत.

ऱ्हस्वदीर्घ यांचे उत्तर

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही खास आपल्या लिपीची आहेत. युनिकोडमध्ये ‘दुसऱ्या’तला ‘ऱ’ हा एकच संकेतांक म्हणूनही लिहिता येतो आणि साधा ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था अक्षरे अशीच तुकड्यांत साठवत असे, विंडोजवर आपण टाइप करतो तो मात्र अखंड ‘ऱ’ असतो. सांबाच्या शेअरमधून फाइल ठेवली असती तर मॅकने ती अखंड रूपात पाठवली असती, पण आरसिंकने नाव जसेच्या तसे उचलले. लिनक्सच्या दृष्टीने ही दोन भिन्न नावे असल्यामुळे जुळ्या फाइली शेजारी बसल्या. ‘कनव्हएमव्ही’ हे फाइलींची नावे बदलणारे साधन अखंड रूपाच्या ‘एनएफसी’ पर्यायासह आधी चाचणीपुरते चालवा, ते काय बदलणार हे नीट वाचा आणि मगच प्रत्यक्ष बदल करण्याची आज्ञा द्या. जिथे जुळ्या आहेत तिथे आधी हाताने एक बाजूला काढावी लागेल. काही कीबोर्डांवर हाच ‘ऱ्या’ साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला जातो. तो प्रकार या साधनाने सुधारत नाही, त्यासाठी नावे बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते.

लांब नावांचे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला २५५ एकके मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात एकच एकक घेते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची असून यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे आपल्याला जेमतेम ८५ चिन्हे मिळतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र धरली जातात. ‘दुसऱ्या’ हा दिसायला तीन अक्षरांचा शब्द सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा आहे.

आणखी एक: मॅकसाठी सांबामध्ये ‘कॅटिया’, ‘फ्रूट’ आणि ‘स्ट्रीम्स एक्सॅटर’ ही तीन मोड्यूल याच क्रमाने लावावीत, आणि ती सर्वच शेअरना लावावीत. एकाला लावून दुसऱ्याला न लावल्यास मॅक गोंधळतो.

अंबड_टूलरूम

चाचणी चालवली. सहा जुळ्या जोड्या निघाल्या आणि त्यांपैकी दोन जोड्यांमध्ये ड्रॉइंगची मापे वेगळी होती, त्यामुळे कोणते खरे हे ठरवण्यासाठी त्या डिझाइन करणाऱ्या सहकाऱ्याकडे दिल्या आहेत. त्या जोड्या परत आल्यावरच प्रत्यक्ष नावे बदलेन. मावशींनी नावातील तारखेआधीचा ‘दिनांक’ हा शब्द वगळायला तूर्त मान्यता दिली आहे, पक्षकाराचे पूर्ण नाव मात्र आखूड करायला त्या तयार नाहीत.