कामासाठी गोल्फ शिकावे लागणार आहे: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कुठे आणि कशी करावी?

खाडीपलीकडची

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर राहते आणि ऐरोलीच्या एका कंपनीत मोठ्या ग्राहकांचे काम सांभाळते. सध्या ज्या ग्राहकाची जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यांच्याकडची बहुतेक वरिष्ठ मंडळी गोल्फ खेळतात. शनिवारी सकाळी ती एकत्र जमतात, आमचे साहेबही त्यांच्यासोबत असतात, आणि सोमवारच्या बैठकीत एखादा विषय निघाला की त्यावरचे निम्मे बोलणे आधीच होऊन गेल्याचे मला जाणवते. कराराचे नूतनीकरण जवळ आले आहे, हिवाळ्यात दोन्ही कंपन्यांची मिळून एक स्पर्धा ठरली आहे, आणि तोवर मीही खेळायला शिकावे असे साहेबांनी स्पष्ट सुचवले आहे.

या खेळाची मला ओढ नाही, हे आधीच सांगते. आठवडाभर घराबाहेर असल्यामुळे सुट्टीची सकाळ मी घरच्यांसाठी राखून ठेवते, आणि ती कामाला द्यावी लागणार याचे मला मनापासून वाईट वाटते. खेळ महागडा आहे, आणि आमच्या घरात किंवा नात्यागोत्यात तो कोणी कधी खेळलेला नाही. तरीही हे काम मी अनेक वर्षांच्या मेहनतीने उभे केले आहे, आणि त्याविषयी जिथे बोलणे होते तिथे मी नसावे हे मला मान्य नाही. म्हणून शिकायचे ठरवले आहे. पण गरजेपुरते आणि नीट शिकायचे आहे.

सदस्यत्व न घेता शिकता येईल अशी जागा ठाणे किंवा नवी मुंबईत कोणती? सुरुवातीलाच पूर्ण सेट विकत घ्यावा का? चार-पाच महिन्यांत कशावर भर दिला, तर सोबत खेळणाऱ्यांचा खोळंबा होणार नाही? आणि न खेळता नुसते सोबत चालणे शोभते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

तुर्भेकर

ताई, जागेचे उत्तर सोपे आहे. सिडकोने उभारलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स तुमच्यासाठी सर्वांत योग्य, कारण तिथे सदस्य नसलेल्यांनाही शुल्क भरून खेळता येते. मुळात ते अकरा होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथपर्यंतचा मैदानाचा टप्पा) होते आणि सिडकोने पुढे ते अठरा होलचे करण्याचे काम हाती घेतले, त्यामुळे कोणता भाग खेळण्यासाठी खुला आहे आणि शुल्क किती, हे फोनवर विचारूनच निघावे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालापासूनचा आणि नावाजलेला आहे, ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने जवळही पडतो. पण तो सदस्यांचा क्लब असल्यामुळे तिथे जाणे एखाद्या सदस्याचे पाहुणे म्हणूनच व्हावे. तुमच्या ग्राहकांपैकी कोणी तिथले सदस्य असतील, तर निमंत्रण येईपर्यंत थांबा, आपणहून विचारू नका.

सेट आत्ताच घेऊ नका. नियमांप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात, आणि दुकानदार तुम्हाला त्या सगळ्या दाखवील. तुम्हाला पहिले काही महिने तीन पुरतील: मध्यम अंतरासाठी सात नंबरचे आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी एक पिचिंग वेज आणि होलजवळ चेंडू जमिनीवरून लोटण्यासाठी पटर. ड्रायव्हर ही सर्वांत लांब आणि पटर सोडला तर सर्वांत कमी उताराच्या तोंडाची स्टिक असते. तिने चेंडू दूर जातो, आणि नवख्या हातात तितकाच दूर भलत्या बाजूलाही जातो. रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, सर्वांत आधी ड्रायव्हर उचलण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यातच त्यांचे महिने वाया जातात. कधीही मैदान न सोडणारा, शंभर-सव्वाशे पावले सरळ जाणारा फटका सात नंबरच्या आयर्नने मारता आला, तर तुम्ही कोणाचाही खोळंबा करणार नाही.

आता माझा खरा आग्रह. अठरा होलच्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, साधारणपणे ७२ असतो, आणि तो ठरवताना प्रत्येक ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दोन पट, म्हणजे पटरचे फटके, गृहीत धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचे. त्यासाठी ताकद लागत नाही, उंची लागत नाही, आणि खारघरला जाण्याचीही गरज नसते. घरातल्या फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध्याची रेघ पाहा. चेंडू त्या रेघेवर ठेवा, डोळे बरोबर चेंडूच्या वर येतील असे उभे राहा, मनगटे न हलवता फक्त खांद्यांनी पटर मागे-पुढे न्या, आणि चेंडू ती रेघ न सोडता तीन-चार लाद्या पुढे जातो का ते बघा. चेंडू रेघेच्या डावीकडे निघाला तर पटरचे तोंड आपटताना डावीकडे वळलेले होते, इतका स्वच्छ हिशेब तिथे मिळतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, तेव्हा रेघेच्या टोकाशी तेवढ्या रुंदीची वाटी आडवी ठेवली की झाले. फरशीवर चेंडू गवतापेक्षा वेगाने पळतो, त्यामुळे अंतराचा अंदाज मैदानावरच्या सरावाच्या ग्रीनवर वेगळा घ्यावा लागेल. दिशा मात्र घरी पक्की होते.

फुल स्विंग, म्हणजे स्टिक पूर्ण फिरवून मारायचा फटका, स्वतःच्या मनाने किंवा व्हिडिओ पाहून बसवू नका. स्टिक धरण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात चुकीची मुरली, तर पुढे ती सोडवणे फार जड जाते, आणि कंबर व कोपर दुखावण्याचे कारणही बहुतेक वेळा तेच असते. रेंजवरच्या प्रोकडून, म्हणजे व्यावसायिक शिक्षकाकडून, पाच-सहा धडे घ्या, आणि पहिल्या धड्यातच त्यांना सांगा की मला स्पर्धा जिंकायची नाही, चार लोकांत खेळायचे आहे. चांगला प्रो त्याप्रमाणे शिकवणीच बदलतो.

रेडटी

मी वाशीत राहते आणि कामानिमित्तच या खेळात आले, त्यामुळे तुमची अडचण मला पूर्ण समजते. तुर्भेकर काकांनी खेळाचे सांगितले, मी त्या स्पर्धेविषयी सांगते.

सर्वांत आधी आयोजकांना विचारा की खेळ कोणत्या पद्धतीने होणार आहे. स्क्रॅम्बल असेल तर चिंताच करू नका: संघातले सगळे फटका मारतात, त्यांतला उत्तम चेंडू निवडला जातो आणि पुढचा फटका सर्वांनी तिथूनच मारायचा असतो. तुमचे नऊ फटके वाया गेले तरी दहावा एखादा लांब पट होलमध्ये गेला, तर संघाला तुमचाच उपयोग झाला. इथे फरशीवरचा सराव कामी येतो.

स्टेबलफर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणारी पद्धत, असेल तर गणित समजून घ्या, कारण ते नवख्यांच्या सोयीचे आहे. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत स्त्री-पुरुष दोघांसाठी कमाल हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे फटक्यांच्या सवलतीचा आकडा, ५४ आहे. तुम्हाला ५४ फटक्यांची पूर्ण सवलत मिळाली, तर अठरा होलवर ती प्रत्येकी तीन पडते. म्हणजे चार पारच्या होलवर तुम्ही सात फटके घेतले तरी तो हिशेबाने पार धरला जातो आणि दोन गुण मिळतात, आठ घेतले तर एक गुण, आणि आठवा फटका मारूनही चेंडू बाहेरच असेल तर गुण शून्य. तेव्हा तिथेच चेंडू उचलून खिशात ठेवायचा आणि हसतमुखाने पुढे चालायचे. योग्य वेळी चेंडू उचलणाऱ्या नवख्या खेळाडूला सगळे पुन्हा बोलावतात. कंपन्यांच्या स्पर्धांत सवलतीवर अनेकदा कमी मर्यादा ठेवलेली असते, तेवढे विचारून घ्या.

पुढच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा), म्हणजे बहुधा लाल खुणेवरून, निःसंकोच सुरुवात करा. कोणी आग्रह केला म्हणून मागच्या टीवर जाऊ नका.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. साहेबांनी सुचवले आहे, तर शिकवणीचा आणि रेंजचा खर्च कंपनीने करावा, आणि शनिवारची सकाळ कामात गेली तर त्याबदली आठवड्यात अर्धा दिवस मोकळा मिळावा, हे शिकायला सुरुवात करण्यापूर्वीच लेखी मागून घ्या. ग्राहकाला जेवायला नेले तर त्याचे बिल आपण खिशातून भरत नाही. ज्या घरी सकाळी सहाला दुसरे कोणी डबे करायला उभे नसते, त्या घरातल्या बाईला हा खेळ पुरुषांपेक्षा महाग पडतो. ही किंमत कार्यालयाला दिसायला हवी.

न खेळता सोबत चालणे शोभते का, हा तुमचा प्रश्न राहिला. शोभते, पण एक-दोनदाच. त्यानंतर लोक तुम्हाला पाहुणी समजू लागतात. त्यापेक्षा नऊच होल खेळून थांबा. पूर्ण अठरा होलला चार-साडेचार तास लागतात, आणि नऊनंतर निरोप घेण्यात काहीही वावगे नाही.

मधला_मार्ग

थोडे वेगळे मत मांडतो. कराराविषयीचे बोलणे सहकाऱ्याच्या गैरहजेरीत होते, ही अडचण मुळात तुमच्या साहेबांनी सोडवायची आहे. शनिवारी जे ठरले किंवा नुसते बोलले गेले, त्याची टिपणे रविवारी रात्रीपर्यंत तुमच्याकडे यावीत, असे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. तुम्ही गोल्फ शिकलात तरी प्रत्येक शनिवारी जाणार नाही, त्यामुळे ही व्यवस्था तुम्हाला तशीही लागेलच.

खाडीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. खर्चाचे आणि टिपणांचे दोन्ही मुद्दे मी उद्याच साहेबांसमोर मांडते. ते मागायचे धैर्य मला एकटीला झाले नसते. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. मैदानावर वागण्याचे नियम कोणते, विशेषतः जे कोणी तोंडाने सांगत नाही पण सगळे पाहत असतात ते? आणि मी डावखुरी आहे, तर त्याने काही फरक पडेल का?

हिरवळ

मी गोल्फ मैदानाच्या देखभालीचे काम करतो, म्हणून वागण्याच्या नियमांविषयी आमच्या बाजूने लिहितो.

उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर पडला की तिथे रुपयाच्या नाण्याएवढा खळगा पडतो. तो लगेच बुजवला तर गवत लवकर सावरते. तसाच राहिला तर तिथले गवत मरते आणि तो डाग कितीतरी दिवस दिसत राहतो. त्यासाठी दोन दातांचा छोटा काटा मिळतो, तो खिशात ठेवा. काटा खळग्याच्या बाहेरच्या कडेला खुपसायचा आणि माती कडेकडून मध्याकडे हलकेच लोटायची, असे चारही बाजूंनी करून शेवटी पटरच्या तळाने थोपटायचे. पुष्कळ अनुभवी खेळाडूही काटा खाली घालून माती वर उचकटतात. त्याने मुळे तुटतात आणि खळगा बुजलेला दिसला तरी गवत जगत नाही. तुमच्या ग्राहकांसमोर तुम्ही आपला खळगा नीट बुजवून शेजारचा आणखी एक बुजवलात, तर तुम्ही किती दिवसांपासून खेळता हे कोणी विचारणार नाही.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सर्वांत कमी उंचीच्या बाजूने उतरा आणि निघताना आपली पावले रेकने पुसून या. दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांच्या मधल्या रेषेवर पाय देऊ नका. समोरचा फटका मारताना सावलीसुद्धा त्याच्या चेंडूवर पडू देऊ नका. चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाजू नका, पूर्ण आवाजात ‘फोर’ ही सावधानतेची हाक द्या. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात आणि पटर वापरताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी चालतो. हे दोन्ही नियम पाळा, वेळ वाचतो.

कॅडीला, म्हणजे स्टिकची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाला, नावाने आणि अहो-जाहो करून बोला. मैदान त्याला तुमच्यापेक्षा आणि तुमच्या ग्राहकापेक्षाही जास्त कळते. पहिल्याच होलवर त्याला सांगा की मी नवीन आहे. तो चेंडूवर नजर ठेवील, स्टिक सुचवील आणि ग्रीनचा उतार दाखवील. कामाच्या गप्पा त्याच्यादेखत चालतात, तेव्हा त्याला तुच्छतेने वागवणारा माणूसही सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पावसाळ्यात खारघरच्या डोंगरांवरून येणारे पाणी विचारात घ्या. जून ते सप्टेंबर हा काळ धडे आणि घरचा सराव यांना द्या, मैदानावरच्या फेऱ्या दसऱ्यानंतर सुरू करा. विजा चमकू लागल्या तर खेळ अर्धवट सोडून आधी आसरा गाठायचा.

सेक्टर_एकवीस

येण्याजाण्याचे सांगतो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडून बेलापूरला उतरा, तिथून मेट्रोने सेंट्रल पार्क स्थानक, आणि पुढे रिक्षा. गोल्फ कोर्स सेंट्रल पार्कला लागूनच आहे. हातात पूर्ण सेट नसेल तर हाच मार्ग बरा, शनिवारी सायन-पनवेल महामार्गावर अडकायला नको.

तुर्भेकर

ताई, डावखुऱ्या असण्याने फरक पडतो, आणि पहिला धडा घेण्याआधीच त्याचा निर्णय व्हायला हवा. स्टिकचे तोंड एकाच बाजूला असते, त्यामुळे डावखुऱ्यांच्या स्टिक वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि आपल्याकडे रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या स्टिक जवळजवळ सगळ्या उजव्या हाताच्या असतात. दुकानातही निवड फार थोडी मिळते. मात्र तुम्ही कोणत्या हाताने लिहिता यावर हे ठरवू नका. नामवंत गोल्फपटू फिल मिकेलसन इतर सगळे उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डाव्या बाजूने खेळतो. घरातला केरसुणीचा दांडा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा, लहानपणी क्रिकेट खेळला असाल तर बॅट कोणत्या बाजूने धरत होतात ते आठवा, आणि जी बाजू सहज वाटेल ती प्रोला सांगा. दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या तर उजवीकडून शिका, स्टिक मिळणे सोपे जाईल. डावीकडूनच सहज वाटत असेल, तर फोन करताना शुल्काबरोबर डावखुऱ्यांचे सात नंबरचे आयर्न रेंजवर आहे का तेही विचारा, आणि नसेल तर तेवढे एकच जुने विकत घ्या. हातमोजाही तेव्हा उजव्या हाताचा लागेल, कारण तो नेहमी वरच्या बाजूने स्टिक धरणाऱ्या हातात घालतात.