पॅनडॉक: मराठी-इंग्रजी संदर्भ एकत्र असताना पीडीएफमध्ये 'व इतर' कसं आणायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मार्कडाउनमधला (साध्या खुणा वापरून लिहिलेला) शोधनिबंध पॅनडॉकने (दस्तऐवजाचं स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रामने) पीडीएफ करायचा आहे. पीडीएफ बनवणारं इंजिन झीलाटेक, संदर्भांच्या नोंदी झोटेरोतून (संदर्भ साठवायच्या प्रोग्राममधून) काढलेल्या बिब फाइलमध्ये, दस्तऐवजाची भाषा इंग्रजी.

नेहमीच्या गोष्टी तपासून झाल्यात. संदर्भाच्या जागी ठळक अक्षरांत नोंदीची 'की' (तिचं ओळखनाव) आणि पुढे प्रश्नचिन्ह येत होतं, ती की बिब फाइलमध्ये वेगळी होती. नॅटबिबचा (बिबटेक या प्रोग्रामवर चालणारा) पर्याय काढून साइटप्रॉक (पॅनडॉकचीच संदर्भ लावायची सोय) लावलाय, कारण थेट पीडीएफ करताना पॅनडॉक बिबटेक चालवत नाही. क्रॉसरेफ फिल्टर (आकृत्यांचे उल्लेख जोडणारा) साइटप्रॉकच्या आधी आहे, नाहीतर आकृत्यांचे उल्लेखही संदर्भ समजले जातात. संस्थालेखकाला दुहेरी महिरपी कंस दिलेत. एकेरी ठेवले की 'महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ'चं आडनाव होतं 'मंडळ', आणि यादीत क्रमही चुकतो!

अडलंय ते इथे: चार लेखकांच्या मराठी पुस्तकालाही मजकुरात 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर') लागतं. सीएसएल फाइलच्या (संदर्भशैलीच्या फाइलच्या) लोकेलमध्ये (भाषेनुसार शब्द ठरवणाऱ्या भागात) ती संज्ञा 'व इतर' केली, तर इंग्रजी नोंदीही 'व इतर' होतात. नोंदीतलं भाषेचं फील्ड इथे उपयोगी पडत नाही.

साइटप्रॉकनंतर चालणारा लुआ फिल्टर (दस्तऐवजात बदल करणारी छोटी स्क्रिप्ट) लिहावा असं वाटतंय. साइट घटकात (पॅनडॉकच्या आतल्या संदर्भाच्या तुकड्यात) नोंदीची की शिल्लक राहते, त्यामुळे एकटा संदर्भ सहज बदलता येईल. पण एकाच कंसात एक मराठी आणि एक इंग्रजी संदर्भ असेल, तर कोणतं 'एट अल.' कुणाचं हे फिल्टरने कसं ओळखायचं? कंस तोडून दोन करायचे नाहीत. कुणी हे केलं असेल तर फिल्टरचा तेवढा तुकडा द्याल का?