रोज पहाटे टॉमकॅट रीस्टार्ट करणे: देखभाल की दुखणे झाकणे?

सीताबर्डीकर (धागालेखक)

नागपुरातील लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे जावा सर्व्हर सांभाळताना एक प्रथा मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसली. पहाटे तीन-चारच्या सुमारास क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेतून, टॉमकॅट (जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. कारण विचारले तर ‘आधीपासूनच आहे’ एवढेच उत्तर मिळते. ही प्रथा बंद करावी असे माझे मत आहे आणि ते कोणत्या अनुभवावरून झाले तेही सांगतो.

आमच्याकडे कळमना बाजारातील अडत्यांचा हिशेब ठेवणारे एक ॲप्लिकेशन आहे. काट्यावर गाडीचे वजन झाले की पावती तयार होते, लिलाव झाला की पावतीवर भाव चढतो आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या नावे पट्टी निघते. त्याचा सर्व्हर दोन वर्षे रोज पहाटे साडेतीनला रीस्टार्ट होत असे आणि कोणाचीही तक्रार नव्हती. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री बाजारात येऊ लागली, तसे सकाळी अकराच्या आसपास सगळे ठप्प होऊ लागले. आधी लॉगिनचे पान तेवढे उघडे, नाव टाकले की चक्र फिरत राही. पाच-दहा मिनिटांनी ते पानही उघडेनासे होई. पहिले तीन दिवस आम्ही सगळे करतात तेच केले, म्हणजे रीस्टार्ट केला आणि हीप (जावाला दिलेली मेमरी) दोन जीबीवरून चार जीबीवर नेली. काहीही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण सीपीयू तीन-चार टक्क्यांवर निवांत होता आणि जीसीच्या, म्हणजे मेमरी साफ करणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगमध्ये वावगे असे काही नव्हते.

चौथ्या दिवशी रीस्टार्टला हात लावण्याआधी मी दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डम्प, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड (कामाचा एक धागा) कोडच्या कोणत्या ओळीवर आहे याच्या नोंदी, घेतल्या. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत विनंत्या हाताळणारे थ्रेड जास्तीत जास्त २०० असतात. तिन्ही डम्पमध्ये ते सगळेच्या सगळे एकाच ठिकाणी थांबलेले होते आणि ते ठिकाण म्हणजे डेटाबेस पूलकडे (तयार कनेक्शनांच्या साठ्याकडे) कनेक्शन मागण्याची ओळ. पूलमध्ये वीस कनेक्शने होती. कनेक्शन मोकळे नसेल तर किती वेळ थांबायचे हे कोणी ठरवून दिले नव्हते, आणि डीबीसीपी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीमध्ये ते न ठरवल्यास थ्रेड अनंतकाळ थांबतो. कोड पाहिल्यावर कळले की काट्याच्या पावतीत गाडी क्रमांक रिकामा आला की एक्सेप्शन (चूक होऊन काम मध्येच तुटणे) येई आणि कनेक्शन परत करणारी ओळ नेमकी त्याच्या खाली होती. एरवी दिवसभरात अशा दहा-बारा पावत्या होत. तेवढी कनेक्शने अडकत, उरलेल्यांवर दिवस निघे आणि पहाटेचा रीस्टार्ट सगळे पूर्ववत करी. हंगामात अकरापर्यंतच विसावी पावती येऊ लागली. जावा ७ मध्ये, म्हणजे २०११ सालीच, कनेक्शन आपोआप बंद करणारी ट्रायची रचना आली आहे. ती वापरून सहा ओळींत दुरुस्ती झाली. पुन्हा कुठे असे अडकले तर कळावे म्हणून पूलमध्ये रिमूव्ह-अबँडन्ड (परत न आलेले कनेक्शन काढून घेणारा) आणि लॉग-अबँडन्ड (त्याची नोंद करणारा) हे दोन्ही पर्याय चालू केले. पहाटेचा रीस्टार्ट नसता तर हा दोष दोन वर्षे लपून राहिलाच नसता.

रातकिडा

आपली हकिकत पटली, निष्कर्ष पटला नाही. मी मानेवाड्यात घरी बसून एकटा चौदा ग्राहकांचे सर्व्हर पाहतो. त्यांपैकी नऊ ठिकाणी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड ना माझ्याकडे आहे, ना ग्राहकाकडे. ज्याने ते लिहिले तो कधीच दुसरीकडे गेला आहे. अशा ठिकाणी कनेक्शन कुठे गळते हे मला डम्पमधून कळले तरी मी त्याचे काय करावे? आपण म्हणता की रीस्टार्ट नसता तर दोष लपून राहिला नसता, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सापडला असता. सापडला असता, मान्य; पण त्या दुसऱ्या दिवशी अडत्यांचे काम बंद पडले असते आणि गाड्या काट्याच्या रांगेत उभ्या राहिल्या असत्या, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे होते. दोन वर्षे त्या क्रॉनच्या ओळीने आपल्याला सांभाळून घेतले आणि आता तिलाच दोषी ठरवता.

(पूर्वी आमच्याकडे भारनियमनच हे काम फुकटात करत असे. तेव्हा कोणी त्याला वाईट प्रथा म्हटल्याचे आठवत नाही.)

परसोडीकर

रातकिडा, आपला मुद्दा व्यवहाराचा आहे, परंतु रीस्टार्ट निरुपद्रवी आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे.

एका पतसंस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये सकाळी आठला हप्त्याची आठवण देणारे एसएमएस जात. एके दिवशी प्रत्येक खातेदाराला दोन-दोन संदेश गेले, दुसऱ्या दिवशी तीन-तीन आणि तिसऱ्या दिवशी चार-चार. एसएमएस पुरवणाऱ्याशी माझा बराच वेळ वाद झाला, आणि मी चुकीची होते हे पुढे सिद्ध झाले. सर्व्हरवर जावाच्या प्रक्रिया मोजल्या तेव्हा एकाऐवजी चार निघाल्या. टॉमकॅटला थांबायला सांगितले की तो पोर्ट सोडतो आणि ॲप्लिकेशन थांबवतो. पण ॲप्लिकेशनने स्वतः सुरू केलेला एखादा नॉन-डीमन थ्रेड (जो संपेपर्यंत प्रक्रिया थांबून राहते) जिवंत असेल तर जेव्हीएम, म्हणजे जावाची प्रक्रिया, संपत नाही. आमचा एसएमएसचा शेड्युलर (ठरल्या वेळी संदेश पाठवणारा भाग) नेमका तसा होता. त्याला स्वतःचा वेगळा डेटाबेस पूलही होता, त्यामुळे त्याचे काहीच अडत नव्हते. ८०८० हा पोर्ट मोकळा झाल्याने नवा टॉमकॅट विनातक्रार सुरू होई, आणि जुना मागे राहून आपले संदेश पाठवत राही. क्रॉनच्या लॉगमध्ये मात्र रोज सगळे यशस्वी.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की टॉमकॅटच्या सेटएनव्ही या मांडणीच्या फाइलमध्ये कॅटॅलिना पीआयडीची, म्हणजे प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेल्या फाइलची, जागा ठरवून द्यायची आणि स्टॉपच्या आज्ञेला साठ सेकंदांची मुदत आणि फोर्स (न थांबल्यास जबरीने मारणे) हा पर्याय जोडायचा. पीआयडीची फाइल नसेल तर ती आज्ञा जुनी प्रक्रिया खरोखर संपली की नाही हे पाहतच नाही. आपल्या चौदा सर्व्हरवर आज जावाच्या प्रक्रिया एकदा मोजून पाहाव्यात, अशी माझी आगंतुक विनंती.

जुना खांब

ही प्रथा आली कुठून, हे नव्या मंडळींना माहीत नसावे म्हणून लिहितो. जावा ७ पर्यंत क्लासची माहिती पर्मजेन नावाच्या मर्यादित जागेत राहत असे. चालू सर्व्हरवर वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे गाठोडे) बदलली की ॲप्लिकेशनचा जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) मोकळा व्हायला हवा. पण एखादा जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा कोड) किंवा थ्रेड-लोकल (थ्रेडला चिकटलेली माहिती) त्याला धरून ठेवी, आणि आठ-दहा वेळा वॉर बदलली की पर्मजेन भरून सर्व्हर कोसळे. आम्ही रात्रीचा रीस्टार्ट लावला तो त्यासाठी, आणि त्या काळी तो योग्यच होता. २०१४ मध्ये जावा ८ आले, पर्मजेन गेले आणि त्याच्या जागी मेटास्पेस आली. मूळ कारण गेले. क्रॉनची ओळ मात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नक्कल होत राहिली.

एक सावधगिरी मात्र सांगतो. मेटास्पेसला आपण मर्यादा घातली नाही तर ती यंत्राची मेमरी खात जाते, म्हणजे गळती संपलेली नाही, ती फक्त हीपच्या आकड्यांत दिसत नाही.

रातकिडा

परसोडीकर, प्रक्रिया मोजल्या. एका ठिकाणी दोन निघाल्या. आपले आभार, आणि जास्त बोलत नाही.

धागालेखकांना मात्र एक प्रश्न आहे. आपण रीस्टार्टला दुखणे झाकणारा म्हणता आणि स्वतः रिमूव्ह-अबँडन्ड चालू करून ठेवता. परत न आलेले कनेक्शन हिसकावून पुन्हा पूलमध्ये जागा करणे हे तरी दुसरे काय आहे? मी सगळा सर्व्हर पहाटे रीस्टार्ट करतो, आपण एकेक कनेक्शन दिवसाढवळ्या रीस्टार्ट करता. शिवाय माझा वापरकर्ता पहाटे झोपलेला असतो. आपला जागा असतो.

सीताबर्डीकर

हा घाव वर्मी बसला, हे आधी मान्य करतो. फरक एवढाच की कनेक्शन काढून घेताना लॉग-अबँडन्ड ते कनेक्शन कोडच्या कोणत्या ओळीने नेले होते याचा पूर्ण माग लॉगमध्ये लिहितो. आपला क्रॉन तसे काही लिहीत नाही. लॉगमध्ये ती नोंद आली की आम्ही ती दोष म्हणून नोंदवतो. येत नसेल तर तो पर्याय गप्प बसून असतो.

आपण सुचवलेला धोका मात्र खरा आहे आणि तो आम्ही भोगलाही आहे. डीबीसीपीत कनेक्शन किती वेळाने काढून घ्यायचे ही मुदत मुळात ३०० सेकंदांची असते, आणि पूल जवळजवळ संपत आला असताना कोणी नवे कनेक्शन मागितले तरच ही काढाकाढी होते. मार्चअखेरीस एका अडत्याने वर्षभराचा उतारा मागवला, ती एकच क्वेरी पाच मिनिटांच्या वर चालली, त्याच वेळी पूल भरत आला, आणि ज्याचे काम बिनचूक चालले होते त्याचेच कनेक्शन गेले. आता उताऱ्यांसाठी वेगळा लहान पूल आहे आणि त्यावर हा पर्याय बंद आहे.

नवखा

माझी अडचण कदाचित वेगळी असेल. आमचा टॉमकॅट आठवड्यातून एकदा-दोनदा नाहीसाच होतो. पहाटेचा रीस्टार्ट असूनही होतो. टॉमकॅटच्या कॅटॅलिना आउट या लॉगमध्ये शेवटची ओळ नेहमीच्या विनंतीची असते. एरर नाही, बंद होत असल्याची नोंदही नाही. यंत्र आठ जीबीचे आहे, हीप सहा जीबीची आणि मायएसक्यूएल त्याच यंत्रावर.

परसोडीकर

आपण शेवटच्या वाक्यात उत्तरच लिहिले आहे. मेमरी संपली की लिनक्सचे कर्नल सर्वांत जड प्रक्रियेला मारते, आणि जेव्हीएमला शेवटचा शब्द लिहायलाही सवड मिळत नाही. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पाहा, तिथे जावाच्या नावाने ओळ सापडेल. हीप सहा जीबी म्हणजे प्रक्रिया सहा जीबी असे नव्हे, कारण थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस आणि इतर नेटिव्ह मेमरी त्याच्या वर असते. येथे हीप वाढवायची नसून कमी करायची आहे.

सीताबर्डीकर

रातकिडा, आपल्यासारख्या एकट्या माणसाने रीस्टार्ट सोडून द्यावा हा माझा हट्ट मी मागे घेतो. त्याऐवजी एवढेच मागतो की रीस्टार्टच्या आधी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घाला आणि जेसीएमडी या जावाच्या साधनाने थ्रेड डम्प एका फाइलमध्ये ठेवा. आज्ञा ज्या वापरकर्त्याच्या नावाने टॉमकॅट चालतो त्याच नावाने चालवावी, नाहीतर ती जोडलीच जात नाही. यंत्रावर फक्त जेआरई (अशी साधने नसलेली जावा) असेल तर किल उणे तीन हा संकेत पाठवावा. नावाला घाबरू नये, त्याने प्रक्रिया मरत नाही आणि डम्प कॅटॅलिना आउटमध्ये उमटतो.

रातकिडा

हीप डम्पही (सगळ्या हीपची नक्कल) मागाल अशी धास्ती होती. एकदा एका सल्लागाराच्या सांगण्यावरून भर दुपारी बारा जीबीचा हीप डम्प घेतला होता. तो लिहून होईपर्यंत सगळे ॲप्लिकेशन थांबून राहिले, डिस्क भरली आणि मग डेटाबेसही बंद पडला. थ्रेड डम्प त्या मानाने अगदी लहान असतो, त्याला माझी हरकत नाही.

जुना खांब

हीप डम्पबाबत आणखी एक. त्यात खातेक्रमांक, मोबाइल क्रमांक आणि कधीकधी पासवर्डही वाचता येईल अशा मजकुरात असतात. सल्ला मागायला म्हणून तो कोणालाही व्हॉट्सॲपवर धाडू नये. मी असे होताना पाहिले आहे.

रातकिडा

चार दिवसांनी लिहितो आहे. तीन ग्राहकांच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ घातली. दोन ठिकाणी पाहण्यासारखे काही नाही. तिसऱ्या ठिकाणी पहाटेच्या डम्पमध्ये टॉमकॅटच्या थ्रेडव्यतिरिक्त ४१२ थ्रेड रिकामे बसलेले आढळले. त्यांची नावे पूल १ थ्रेड १, पूल २ थ्रेड १, पूल ३ थ्रेड १ अशी चढत गेलेली आहेत आणि प्रत्येक पूलमध्ये थ्रेड एकच. म्हणजे कोणीतरी प्रत्येक कामासाठी नवा एक्झिक्युटर (थ्रेडचा पूल) उभा करतो आणि तो कधीच बंद करत नाही. या ॲप्लिकेशनचा कोड माझ्याकडे नाही, परंतु पावती छापणारी जार फाइल वेगळी आहे आणि ती ज्याने लिहिली तो गृहस्थ धरमपेठेत राहतो असे ग्राहक सांगतो. शनिवारी त्याच्याकडे जातो आहे. रीस्टार्ट तूर्त तसाच ठेवला आहे.