मंडईत ओले काजूगर: किती घ्यावेत, काय पाहून घ्यावेत?

उसळप्रेमी: मार्चमध्ये दहा जणांसाठी काजूच्या उसळीचा बेत आहे. पुण्यात महात्मा फुले मंडईत ओले गर मिळतील ना? त्याच फेरीत अंजीर आणले तर टिकतील का?

कोकणकडा: मिळतात, कोकणातला माल ठेवणाऱ्या गाळ्यांवर विचारा. कुठे शेकड्याने देतात, कुठे वजनावर. बटाटा घालणार असाल तर दोनशे गर पुरतात, नुसत्या काजूंची उसळ असेल तर तीनशे घ्या. गरात नख सहज रुतलं पाहिजे. भिजवून फुगवलेले सुके गरही ओले म्हणून खपवतात, म्हणून एक चावून बघा. ओल्याला दुधाळ गोडवा असतो, भिजवलेला सपक लागतो.

सोललेलेच घ्या. कवचातल्या तेलाने हाताची सालं निघतात. कवचासकट घेतलेच तर हाताला खोबरेल चोपडून मगच विळीवर चिरा.

गरांवरची तांबूस साल काढायला गरम पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. गॅसवर उकळू नका, गर मऊ पडून सोलताना दुभंगतात. आमसूल अगदी शेवटी.

बहार: अंजीर सगळ्यात शेवटी घ्या. मार्चमध्ये पुरंदरचा मीठा बहार, म्हणजे अंजिराचं उन्हाळी पीक असतं, हिवाळ्यातल्या खट्ट्या बहारापेक्षा गोड. पाटीतल्या वरच्या थरावर भुलू नका, खालचं एक उचलून बुडाशी वास घ्या. आंबूस आला तर आत फसफसायला लागलंय. देठातून पांढरा चीक येत असेल तर कच्चं. पिशवीत टाकलंत की घरी लगदा! पसरट डब्यात एकच थर लावा. न धुता फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

पेठकर: सकाळी लवकर आणि रविवार टाळून जा. गाडी नकोच, मेट्रोचं मंडई स्थानक जवळच आहे. रिक्षावाल्याला नुसतं 'मार्केट' सांगू नका, नाहीतर गुलटेकडीच्या घाऊक मार्केट यार्डात पोचाल.

आत गेल्यावर मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली वर बघायला विसरू नका. इमारत १८८६ची, तेव्हाचं रे मार्केट. नगरपालिकेत या खर्चाला विरोध करून पैसा शिक्षणावर लावा म्हणणारे जोतीराव फुले, आणि आता नाव त्यांचंच.

उसळप्रेमी: गर आदल्या दिवशी आणले तर चालतील?

कोकणकडा: चालतील. साल न काढता, कोरडे पुसून फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यात ठेवलेत तर बुळबुळीत होतात.