मदत हवी आहे: पिलाटेसच्या सरावाला लहान साधनांची जोड द्यायची आहे, आधी कोणते साधन घ्यावे?

नमस्कार मंडळी,

मी घरी मॅटवर पिलाटेस या व्यायामपद्धतीचा सराव करते. सुरुवातीचे धडे प्रशिक्षकांकडे घेतले असल्यामुळे श्वासाची पद्धत, पोट आत घेऊन कंबर स्थिर ठेवणे आणि पाठीचा कणा एकेक मणका करत उचलणे या मूलभूत गोष्टी परिचयाच्या आहेत. तरीही तीन ठिकाणी गाडी अडते. रोल-अपमध्ये (पाठीवर झोपलेल्या स्थितीतून पाठ गोल करत सावकाश उठून बसणे) डोके, खांदे आणि छाती व्यवस्थित उचलली जातात, पण कंबरेच्या भागापर्यंत आले की टाचा जमिनीवरून सुटतात आणि उरलेले अंतर झटका देऊन पार करावे लागते. हंड्रेडमध्ये (पाठीवर झोपून, डोके उचलून हातांचे शंभर ठोके वरखाली देणे) पोटाच्या आधी मान थकते. ब्रिजमध्ये (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे) वर गेल्यावर गुडघे हळूहळू बाहेर फाकतात आणि ते माझ्या लक्षातही येत नाही.

अशा अडचणींसाठी लहान मऊ चेंडू, रेझिस्टन्स बँड (ताणला जाणारा पट्टा), पिलाटेस रिंग (दाबायचे लवचीक कडे) आणि फोम रोलर (फोमचा दंडगोल) ही साधने सुचवली जातात. माझा गोंधळ असा आहे की एकाच बँडने काही जण व्यायाम सोपा करून दाखवतात, तर काही जण अवघड करून दाखवतात. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस यांनी १९४५ साली मांडलेला ३४ व्यायामांचा क्रम तर केवळ मॅटवरचा आहे, आणि मला पुढेमागे तो साधनांशिवाय नीट करता यायला हवा आहे. म्हणून साधनाचा आधार घेतल्याने शरीर शिकते आहे की नुसते त्यावर विसंबून राहते आहे, हे कशावरून ओळखावे? चारही साधने एकदम घेण्याची इच्छा नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण अडचणी इतक्या नेमक्या सांगितल्या आहेत की उत्तर देणे सोपे झाले आहे. बँडचे दुहेरी काम ही विसंगती नाही. खुद्द पिलाटेस यांच्या उपकरणांमधल्या स्प्रिंगही दोन्ही कामे करतात: रिफॉर्मरवर (स्प्रिंगला जोडलेला सरकता पाट असलेले उपकरण) पायांनी ढकलताना स्प्रिंग विरोध करते, आणि दुसऱ्या उपकरणावर स्प्रिंगला जोडलेला दांडा धरून पाठ टेकवत मागे जाताना स्प्रिंग शरीराचा काही भार उचलते. बँड म्हणजे घरी वापरता येणारी स्प्रिंगच समजा.

आपल्या रोल-अपसाठी मी बँडच आधी घेईन. लांब, चपटा आणि मध्यम ताणाचा बँड तळपायांभोवती अडकवावा, दोन्ही टोके हातांत धरावीत, कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत आणि आधी बसलेल्या स्थितीतून मागे जाण्याचाच सराव करावा. कंबर जिथे एकदम धपकन खाली पडू पाहते, तिथे बँड वेग रोखतो आणि पोटाच्या स्नायूंना काम पूर्ण करायला अवधी मिळतो. उतरणे सावकाश जमू लागले की चढणे बहुधा मागोमाग सुधारते. मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, तर गुडघे थोडे वाकवावेत. बसून करायच्या व्यायामांत घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसल्यास कंबर मागे ढासळत नाही.

ब्रिजसाठी २० ते २५ सेंटीमीटर व्यासाचा मऊ चेंडू पुरेसा आहे. त्यात हवा पूर्ण भरू नये. दाबल्यावर सहज चेपला गेला पाहिजे. तो गुडघ्यांच्या मध्ये धरून हलकाच, सतत एकसारखा दाब ठेवावा. गुडघे फाकू लागताच चेंडू निसटू लागतो, म्हणजे आपल्या लक्षात न येणारी गोष्ट त्याच क्षणी कळते. रिंगही असेच काम करते, पण ती कडक असते, आणि नवशिक्या माणसाच्या हातून ती जोर लावून दाबली जाते व श्वास कोंडतो. म्हणून रिंग नंतर घ्यावी. फोम रोलरही आपल्या या तीन अडचणींसाठी आवश्यक नाही.

मानेसाठी काहीही विकत घेऊ नका. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा, गुडघे वाकवून पाय मॅटवर टेकवावेत आणि पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे हातांचे ठोके चालू ठेवावेत. मान ताणली गेली की डोके टेकवून तशीच मोजणी पुढे न्यावी. शंभर ठोके पूर्ण होण्यासाठी डोके सतत उचललेलेच हवे असे नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त एक जोड देतो: हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल किंवा मणक्यांतील चकतीचा त्रास असेल, तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम, बँडच्या आधाराने का होईना, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय करू नयेत. लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास लॅटेक्सविरहित बँड मिळतो. प्रत्येक वेळी बँड उजेडात ताणून पाहावा. कडेला बारीकशी चीर दिसली तरी तो टाकून द्यावा, कारण तुटलेले टोक थेट चेहऱ्याकडे येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हाडांची किंवा मणक्यांची तक्रार नाही. बँड आणि चेंडूपासून सुरुवात करते. एकच शंका उरली आहे: बँडने वर येताना मी पोटाऐवजी हातांनीच स्वतःला ओढत असेन, तर ते कसे कळेल?

प्रतिसाद १

खांदे कानांकडे सरकले आणि कोपरे अधिक वाकू लागली, तर हात ओढत आहेत असे समजावे. सरावाच्या शेवटी एकदा बँड बाजूला ठेवून, गुडघे वाकवून, तीच हालचाल जमेल तितक्याच अंतरापर्यंत करावी. झटक्याशिवाय गाठता येणारे अंतर वाढत असेल, तर बँड शिकवतो आहे. ते वाढत नसेल, तर पकड पायांपासून थोडी मागे घेऊन बँड सैल करावा, म्हणजे त्याची मदत कमी होईल आणि पोटाला अधिक काम करावे लागेल.