मदत हवी आहे: आजीच्या पायमशीनवर ऑफिस मांडायचंय

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात कुणीतरी 'आपापलं टेबल दाखवा' असं पिल्लू सोडून दिलं. तेव्हापासून रोज फोटो येताहेत. दोन-दोन मॉनिटर, मागे जांभळे दिवे, कोपऱ्यात मनी प्लांट आणि वायर म्हणाल तर औषधालाही नाही. (ही माणसं चार्जिंग कुठून करतात?) माझं नाव निघालं की मी 'नेट गेलंय' म्हणून गप्प बसते. कारण माझं ऑफिस म्हणजे आजीचं शिलाई मशीन.

डोंबिवलीत भाड्याचं वन बीएचके. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ४४ इंचांची खाच आहे, त्यात हे मशीन. वरचं मशीन काढून माळ्यावर ठेवलंय. खाली बिडाचा (ओतीव लोखंडाचा) सांगाडा आणि वर लाकडी फळी उरलीय. टेपने मोजलं: फळी ३६ बाय १७ इंच, जमिनीपासून उंची ३० इंच. मशीन बसायचं तो खड्डा पुठ्ठ्याने झाकलाय. त्यावर ऑफिसचा १४ इंची लॅपटॉप, त्याच्याखाली दोन वर्षांचे दिवाळी अंक. बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि उशी. आठवड्यातून तीन दिवस घरून काम, रोजचे नऊ तास. माझी उंची ५ फूट १ इंच.

त्रास असा:

खांदे दुपारी तीनपर्यंत कानाला टेकलेले असतात. मानेचं तर विचारूच नका. खिडकी पाठीमागे, त्यामुळे दुपारी स्क्रीनवर एक्सेलच्या रकान्यांऐवजी खिडकीचे गजच दिसतात. आणि चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूवर मनगट टेकलं की मुंग्या येतात. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तुला भास होतोय.

मॉनिटर घ्यायचाच आहे. २४ इंची की २७? तो या फळीवर मावेल का? भिंतीला भोक पाडायचं नाही (घरमालक कॅलेंडरच्या खिळ्यावरूनही भांडलेत). मशीन भंगारात द्यायचं नाही आणि फळीला करवत लावायची नाही, असं आईने फोनवरून बजावलंय. खुर्ची धरून सगळं १८ हजारांत बसवायचंय.

'नवीन टेबल घे' हा सल्ला कृपया नको. तो घरातून फुकट मिळालाय.

– चिंचपेटी


दुपारची_भेळ: आधी फोटो डकवा. फोटोशिवाय धागा म्हणजे शेवेशिवाय मिसळ.


रंधा: ताई, सुतारकामातला आहे म्हणून सांगतो. २४-२७ नंतर बघू, आधी फळीचं बघा. मॉनिटरचा चिमट्याचा हात (टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर अधांतरी धरणारा दांडा) या फळीला अजिबात लावू नका. पायमशीनच्या फळीचा एक भाग बिजागरीवर उघडतो, सगळा भार तिथे आला की बिजागरी उखडेल आणि मॉनिटर तुमच्या मांडीवर.

१९ मिमीचा प्लाय घ्या, ४२ बाय २४ इंच. प्लायवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात, अख्खं आठ बाय चारचं शीट घ्यायला लागत नाही. खालच्या बाजूने चार पट्ट्या अशा मारून घ्या की त्या जुन्या फळीच्या कडांना बाहेरून पकडतील. डब्याला झाकण बसतं तसं. आजीच्या लाकडात एकही स्क्रू जाणार नाही, आईंना कधीही उचलून दाखवा. १७ ची खोली २४ होते: मागे २ इंच, पुढे ५. बीड जड असल्याने टेबल सहसा कलंडणार नाही, पण पुढच्या कडेवर भार देऊन उठायची सवय असेल तर मोडा.

दुकानदार पार्टिकल बोर्ड स्वस्त म्हणून गळ्यात मारेल. घेऊ नका. चिमट्याखाली त्याचा भुगा होतो आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात कडा पावासारख्या फुगतात. प्लायवर आयएस ७१० छापलेलं असेल तर तो मरीन (पाण्यात टिकणारा), आयएस ३०३ असेल तर साधा. बेडरूमला ३०३ पुरे, उगाच मरीनचे पैसे घालवू नका. वर सनमायका, आणि चिमट्याच्या खाली-वर पत्र्याचा तुकडा.


निळीशाई: रंधाभाऊ, झाकण झकास, पण तुम्ही ३० चं पावणेएकतीस केलंत! त्यांचं दुखणंच उंचीचं आहे.

चिंचपेटी, एक करा. खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात ठेवा आणि कुणालातरी जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तुमच्या उंचीला ते २४-२५ इंच येईल असा माझा अंदाज. म्हणजे टेबल कोपरापेक्षा पाच-सहा इंच वर. ते भरून काढायला खांदे वर चढतात, म्हणून कानाला टेकतात. बाजारातली बहुतेक टेबलं २९-३० इंचांचीच असतात, तेव्हा नवीन टेबल घेऊनही हेच झालं असतं. (घरात हे वाक्य वाचून दाखवा.)

टेबल खाली येत नाही, तर तुम्ही वर जा. पैसे मॉनिटरपेक्षा खुर्चीत घाला. दुकानात टेप घेऊन जा आणि बैठक २१ इंचांपर्यंत चढते का ते मोजा, बऱ्याच खुर्च्या त्याआधीच थांबतात. हात ठेवायचे दांडे काढता येणारे घ्या, नाहीतर ते टेबलाच्या कडेला अडतील. एवढं वर बसल्यावर पाय लोंबकळणार. पण खाली पायडल आहेच की! मशीनचा पट्टा काढून टाका आणि पाय त्यावर ठेवा.

लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड-माउस हवाच. दिवाळी अंकांनी स्क्रीन वर गेली खरी, पण हातही तिच्याबरोबर वर गेले ना.

मॉनिटरचं म्हणाल तर २४ इंची फुल एचडीवर इंचाला साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर तेच ठिपके ताणून ८२. अक्षरं भुरकट दिसतात. २७ घ्यायचा तर क्यूएचडी (जास्त ठिपक्यांचा) घ्यावा लागेल आणि १८ हजारांत मग खुर्ची येणार नाही. २४ घ्या, एक हात लांब ठेवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. चिमट्याचा हात लावायचा असेल तर मॉनिटरच्या मागे १०० बाय १०० मिमीची चार भोकं आहेत का बघून घ्या, काही स्वस्त मॉनिटरना नसतात.


दुपारची_भेळ: खिडकीचं कुणीच बोलत नाहीये. जाड पडदा आणि मॅट स्क्रीन, एवढंच. मशीन फिरवता आलं असतं तर खिडकी बाजूला घ्या म्हटलं असतं, पण ४४ इंचांत काय फिरणार!


वायरमनकाका: मुंग्यांचा भास नाही, जावईबापूंना सांग. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरमध्ये गाळणीचे कपॅसिटर असतात, त्यांतून विजेची अगदी किंचित गळती बाहेरच्या धातूवर येते. अर्थिंग असलं तर ती तिकडून निघून जाते. नसलं तर तुझ्या मनगटातून. अॅडॉप्टर मुळातच दोन पिनांचा असेल तर मुंग्या यायच्याच, त्या गळतीने सहसा अपाय होत नाही. पण तीन पिनांचा असून तू दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं असशील तर आजच काढ.

बोर्डात तिसरं भोक दिसतं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये त्यामागे वायरच नसते, मी कितीतरी बोर्ड उघडून पाहिलेत. टेस्टर हे सांगत नाही, तो फक्त फेज दाखवतो. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून घे. ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारी कळ) असेल तर ती ट्रिप होईल, घाबरू नकोस, म्हणजे अर्थ जागेवर आहे. हे स्वतः करायचं नाही.

आता मुख्य. निळीशाईंनी पाय पायडलवर ठेवायला सांगितलेत. ते बीड आहे! वायर घासून सोलली आणि सांगाड्याला टेकली तर अनवाणी पाय थेट त्यावर. एक्स्टेंशन बोर्ड सांगाड्याला बांधायचा नाही, भिंतीकडे ठेव. चाकाजवळून एकही वायर जाता कामा नये. पायडलवर रबरी पायपुसणं टाक. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर पंचवीसेक, ६ अॅम्पियरच्या सॉकेटला हे काहीच नाही. पण त्याच बोर्डावर इस्त्री लावू नकोस.


निळीशाई: काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रबर आधी, पाय नंतर.


चिंचपेटी: सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

कोपर साडेचोवीस इंच. निळीशाई, तुम्हाला साष्टांग. अॅडॉप्टर तीन पिनांचा निघाला आणि मी खरंच कन्व्हर्टर लावून बसले होते, कारण एक्स्टेंशन जुनं. वायरमन आला. खोलीतल्या दोन बोर्डांपैकी एकातच अर्थ आहे, आणि तो नेमका कपाटामागे. कपाट सहा इंच सरकवलं, तीन पिनांचं एक्स्टेंशन आणलं. मुंग्या बंद. नवरा म्हणतो, बघ, भासच होता.

कपाट सरकल्यामुळे खाच ३८ इंचांची झाली, म्हणून प्लाय ४२ ऐवजी ३७ चा कापून घेतला. २४ इंची मॉनिटर एकवीसेक इंच रुंद आहे, त्यामुळे आरामात बसतो. चिमट्याचा हात नाही घेतला, मॉनिटर त्याच्याच स्टँडवर आहे, खाली एक चौरंग. खुर्ची तीन दुकानं फिरून मिळाली, दुकानदार टेपकडे बघत राहिला. खांदे बरेच उतरलेत. मानेला अजून वेळ लागेल असं दिसतंय.

आईला व्हिडिओ कॉलवर झाकण उचलून दाखवलं. म्हणाली, ठीक आहे, पण दसऱ्याला हळदकुंकू मशीनला आधी, लॅपटॉपला नंतर.

एकच उरलंय. विचार करताना पाय आपोआप चालतो आणि पायडल कुरकुरतं. काल मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कुणाकडे पाळणा आहे का. माळ्यावर आजीची मशीनच्या तेलाची कुपी सापडलीय. तेच घालू ना?


रंधा: तेच घाला, दोन्ही टोकांना दोन-दोन थेंब. आधी जुना चिकटा फडक्याने पुसून घ्या. आणि पट्टा काढलाय ना?


चिंचपेटी: काढायचा राहिलाय. आत्ता काढते.


दुपारची_भेळ: फोटो??